तोफगोळ्याचा धोका आगीच्या लोळापुरता नसतो

तोफगोळा फुटला की माणसं आगीने आणि धक्क्याने मरतात, त्यामुळे शंभरेक मीटर लांब असलं की निभावलं, हा समज जुना आहे आणि चुकीचा. 155 मिमी व्यासाच्या एम107 या अमेरिकी तोफगोळ्याचं वजन सुमारे 43 किलो. त्यात स्फोटक जेमतेम 7 किलो. उरलेलं बहुतेक पोलाद, आणि खरा मारा त्याचाच. स्फोटाचा दाब थोड्या अंतरातच ओसरतो. पोलादाच्या ठिकऱ्या मात्र सेकंदाला 1000 मीटरच्या आसपास वेगाने सुटतात: काही नखाएवढ्या, करवती कडांच्या, अंगावरचं कापड जखमेत ओढून नेणाऱ्या. शेकडो मीटरवरही त्या जायबंदी करतात.

त्या सगळीकडे सारख्या उडत नाहीत. बहुतेक गोळ्याच्या कुशीतून सुटतात, नाका-बुडाकडून कमी. गोळा मऊ जमिनीत रुतून फुटला तर बऱ्याच मातीतच जिरतात, उरलेल्या वर उसळतात. म्हणून तिथल्या तिथे पालथं पडणं उपयोगी. उभ्याने पळणं नाही. फ्यूजने (गोळा कधी फुटायचा ते ठरवणाऱ्या कळीने) गोळा हवेतच फोडला तर मात्र मारा वरून येतो. मग उघडा चरही पुरत नाही, डोक्यावर मातीचं जाड छप्पर लागतं.

(या ठिकऱ्यांना सरसकट ‘श्रॅपनेल’ म्हणतात. ज्याच्यावरून हे नाव आलं त्या ब्रिटिश तोफखाना अधिकारी हेन्री श्रॅपनेलच्या तोफगोळ्यात बंदुकीच्या गोळ्या भरलेल्या असत. ते प्रकरणच वेगळं.)