साथकाळातील कौटुंबिक हिंसाचार (नाशिक जिल्हा)

साथरोगाच्या काळात घराबाहेर पडण्यावर बंधने असताना घरातल्याच माणसांकडून स्त्रीचा होणारा शारीरिक, लैंगिक, मानसिक किंवा आर्थिक छळ. साथ हे या छळाचे मूळ नव्हे; राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) राज्यातील सुमारे २५ टक्के विवाहित स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले होते. साथीत बंद होतात त्या सुटकेच्या वाटा.

मार्च २०२० मध्ये राज्यातील जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि एसटी थांबली. सातपूर-अंबडचे कारखाने व मालेगावचे यंत्रमाग बंद पडल्याने एका खोलीच्या घरात सारे कुटुंब दिवसभर एकत्र कोंडले गेले. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांचा हंगाम विस्कटल्याने मजूर बायकांच्या हाती येणारा स्वतःचा पैसाही आटला. मारहाण असह्य झाली की चार दिवस माहेरी निघून जाणे हा आपल्याकडच्या बाईचा पहिला आणि बहुधा एकमेव उपाय असतो. कोणत्याही कायद्याआधी तिला तोच आठवतो, आणि नेमका तोच टाळेबंदीने हिरावला. राष्ट्रीय महिला आयोगाने एप्रिल २०२० मध्ये तक्रारींसाठी व्हॉट्सॲप क्रमांक सुरू केला, परंतु घरात एकच मोबाइल आणि तोही नवऱ्याच्या खिशात असेल, तर तिथवर पोहोचायचे कसे?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. पीडित स्त्री संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. पहिली सुनावणी सर्वसाधारणपणे तीन दिवसांत व्हावी, असे कलम १२ सांगते. घर कोणाच्याही नावावर असले तरी तिथे राहण्याचा तिचा हक्क कलम १७ मान्य करते. साथकाळासाठी सर्वांत मोलाचे आहे ते कलम १९, कारण त्याखाली न्यायालय छळ करणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकते आणि बाईला आसरा शोधत भटकावे लागत नाही. मात्र टाळेबंदीत न्यायालयांचे काम तातडीच्या प्रकरणांपुरते उरल्यामुळे हा आदेश मिळवणेच कठीण झाले. गृहभेटी देणाऱ्या आशा सेविका उंबरठ्यापर्यंत पोहोचत होत्या. पण सासू-नवऱ्यासमोर ताप-खोकल्याखेरीज दुसरे काही विचारण्याजोगा एकांत तिथे क्वचितच मिळे.