कॅमेरा घेतलात, आता फोटो जपा : हौशी छायाचित्रकारांसाठी आमच्या दुकानाचं माहितीपत्रक

नमस्कार मंडळी,

दुकानात येणाऱ्या हौशी छायाचित्रकारांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा लेन्सचा असतो. "यापेक्षा मोठी घेतली तर वाघ जवळ दिसेल का?" दिसेल. लेन्स आम्ही विकतोच. पण आमच्या टेबलावर दुरुस्तीला काय काय येतं ते रोज पाहतो, म्हणून खात्रीनं सांगतो की आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, फोटो वाया जातात ते लहान लेन्समुळे कमी. दमट हवा, धूळ आणि फोटोची एकच प्रत, ही तीन कारणं मोठी. खाली दिलेल्या बऱ्याच गोष्टी फुकट आहेत, काही तर घरातच सापडतील.

बुरशी : पावसाळ्यातला खरा शत्रू

धानाची रोवणी आटोपली की आमच्याकडे बुरशी लागलेल्या लेन्स येऊ लागतात. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. हवेतला दमटपणा बरेच दिवस ६० ते ७० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जुलै ते सप्टेंबर तसंच असतं. एकदा तिनं काचेवरचा लेप खाल्ला की साफ करूनही डाग राहतो. म्हणून उपाय आधीच करायचा.

झाकणाला रबरी कड असलेला, हवा न जाणारा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि दमटपणा दाखवणारं छोटं मीटर ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास असला की झालं. जेल नारिंगी रंगाचं घ्या. ओलावा पिऊन ते हिरवट झालं की पुडी फोडून, वेगळ्या जुन्या भांड्यात मंद आचेवर तापवलं की परत वापरता येतं. निळ्या रंगाच्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. स्वयंपाकाच्या तव्यावर ते कधीही तापवू नका, लेकरांच्या हाती लागू देऊ नका.

कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवणारे बरेच जण भेटतात. धानाचा मुलूख आपला, तांदूळ हाताशी असतो. पण तांदळाची पिठी बटणांच्या फटीत आणि लेन्सच्या कड्यात शिरते. चामडी कव्हरही ओल धरून ठेवतं. ते प्रवासापुरतं वापरा, घरी आल्यावर कॅमेरा बाहेर काढा.

उन्हाळ्यात दमटपणा कुठला, असं वाटेल. कुलर आठवा. खसाच्या ताट्यांतून येणारी गार हवा ओली असते. ज्या खोलीत दिवसभर कुलर चालतो, तिथल्या उघड्या फळीवर कॅमेरा ठेवू नका. आणि बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, बंद गाडीत तर त्याहून कितीतरी जास्त. कॅमेरा गाडीत ठेवून लग्नात जेवायला बसू नका.

धूळ

रबरी फुग्याचा ब्लोअर, मऊ ब्रश आणि मायक्रोफायबरचं फडकं. एवढंच लागतं, याच क्रमानं. आधी हवा, मग ब्रश, शेवटी फडकं. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं लेन्स पुसू नका. त्यात वावरातली माती असते आणि तीच काचेवर चरे पाडते. पंक्चरच्या दुकानातली हवा मारून आणलेले कॅमेरेही आमच्याकडे आले आहेत. त्या टाकीत पाणी आणि तेल असतं, ते थेट सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, बसतं. हे करू नका, अगदी कळकळीची विनंती.

कार्ड, आणि एक आठवण

एक शिक्षक शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो असलेलं कार्ड घेऊन आले होते. चुकून पुसलं गेलं, आणि मग त्यावर दोन दिवस पोळ्याचे फोटो काढले. जुन्यातले थोडेच परत मिळाले. पुसलेला फोटो कार्डावरून लगेच जात नाही, फक्त ती जागा रिकामी म्हणून नोंदली जाते. नवा फोटो त्याच जागेवर बसला की मात्र जुना गेलाच. म्हणून असं झालं की सगळ्यात आधी कार्ड बाहेर काढा. मग संगणकावर 'फोटोरेक' हा फुकट प्रोग्राम चालवा. सापडलेले फोटो त्याच कार्डावर साठवू नका, दुसऱ्या डिस्कवर घ्या. जमत नसेल तर कार्ड जसंच्या तसं आमच्याकडे आणा.

स्वस्तात मिळालेलं मोठं कार्ड नकली असू शकतं. वर १२८ जीबी लिहिलेलं, आत ८ जीबीच. पहिले फोटो नीट येतात, पुढचे उघडतच नाहीत. 'एच२टेस्टडब्ल्यू' हा फुकट प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतो आणि खरं माप सांगतो. नवं कार्ड, आमच्याकडून घेतलेलंसुद्धा, लग्नाला नेण्याआधी असं तपासाच.

प्रतींसाठी अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा हिशोब धरा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची म्हणजे इंटरनेटवर असायला हवी असं नाही; नागपूरला शिकणाऱ्या पोराकडे एक हार्ड डिस्क ठेवली तरी चालते. गूगल फोटोजवरची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता १५ जीबी, आणि तीही ईमेलसोबत वाटून.

मोठी प्रिंट हवी असेल तर

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो आक्रसतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल उरते. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे तो जेमतेम पाच इंचांना पुरतो. १२ बाय १८ साठी ३६०० बाय ५४०० पिक्सेल हवेत. त्यामुळे फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्ह आणा. वडिलांचा शेवटचा फोटो धूसर छापून देताना आम्हालाही वाईट वाटतं.

फुकटची साधनं

फोटो सुधारायला मोबाइलवर स्नॅपसीड. संगणकावर डार्कटेबल किंवा रॉथेरपी, आणि जोड-तोड करायला गिम्प. सगळी फुकट आहेत, चोरीची सॉफ्टवेअर टाकून संगणकात व्हायरस आणायची गरज नाही. कॅमेऱ्यात सोय असेल तर रॉ फाइल, म्हणजे सेन्सरनं टिपलेली कच्ची माहिती, वापरून बघा. नेहमीच्या जेपेग फोटोमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. बांधीतला, म्हणजे धानाच्या वावरातला, बगळा हे त्याचं चांगलं उदाहरण. भोवती काळा चिखल असला की कॅमेरा उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसं नुसती पांढरी फटक होतात. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघा. तो उजव्या भिंतीला टेकला असेल तर एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं माप, उणे एकवर न्या. रॉमध्ये सावली मागाहून उजळता येते, जळालेला पांढरा परत येत नाही.

पक्षी ओळखायला मर्लिन, नोंद करायला ईबर्ड ही मोबाइल अ‍ॅप आहेत. सारसाच्या घरट्याची जागा मात्र कुठेही टाकू नका.

मंडईच्या जत्रेतलं नाटक टिपायचं असेल तर फ्लॅश बंद ठेवा. तो चार-पाच मीटरच्या पुढे पोचत नाही आणि नटाच्या डोळ्यांवर येतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १६०० ते ३२०० आणि शटर १/१०० सेकंद ठेवा. आपली वीज ५० सायकलची, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० किंवा १/५० ला फोटोत काळे पट्टे येत नाहीत.

चांदण्यांसाठी आपल्याला लांब जायला नको. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. स्टेलॅरियम या फुकट प्रोग्राममध्ये आकाशगंगा कधी, कुठे उगवेल ते आधी बघा. ट्रायपॉड लावा. साध्या क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर १८ मिमी लेन्स असेल तर १८ सेकंदांपर्यंत शटर उघडं ठेवलं तरी तारे फारसे लांबट होत नाहीत.

ड्रोन घेणार असाल तर आधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आपलं गाव हिरव्या, म्हणजे उडवायला वेगळी परवानगी न लागणाऱ्या, भागात आहे का ते बघा.

बाजाराच्या दिवशी दुकानात फार गर्दी असते. सेन्सर दाखवायचा असेल तर दुसऱ्या कुठल्याही दिवशी सकाळी या, बॅटरी पूर्ण चार्ज करून आणा. साफ करताना मध्येच चार्ज संपला तर शटर मिटतं आणि ब्रश आत अडकतो.