शेगडी इथे, बटण खिशात

१९६९ साली नीमन मार्कस या अमेरिकेतल्या उंची दुकानाने आपल्या नाताळच्या कॅटलॉगमध्ये हनीवेल कंपनीचा ‘किचन कॉम्प्युटर’ विकायला ठेवला. किंमत दहा हजार डॉलरांच्या वर, वजन पंचेचाळीस किलोंहून अधिक, आणि पुढे भाजी चिरायला एक पाटही जोडलेला. गृहिणीने त्यात पाककृती साठवाव्यात अशी कल्पना. पण त्याला कीबोर्ड नव्हता आणि पडदाही नव्हता. खटके वर-खाली करून त्याला सांगायचं आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून त्याचं उत्तर वाचायचं, तेही शून्य आणि एकच्या भाषेत. हे जमावं म्हणून किमतीतच दोन आठवड्यांचा प्रशिक्षणवर्ग धरला होता. असा एक तरी संगणक विकला गेल्याचा पुरावा सापडत नाही.

या गोष्टीला हसणं सोपं आहे. बरोबर पन्नास वर्षांनी, २०१९ मध्ये घडलेल्या गोष्टीला हसता येत नाही. ‘जून’ नावाच्या स्मार्ट ओव्हनच्या किमान तीन मालकांच्या घरी ओव्हन भर रात्री, सगळे झोपेत असताना, चालू होऊन ४०० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर तापले. आपल्या मापाने २०० अंश सेल्सिअसच्या वर. कंपनीने तपास करून सांगितलं की ओव्हनमध्ये बिघाड नव्हता, मालकांच्याच फोनवरच्या अ‍ॅपमधून चुकून आज्ञा गेली होती. थोडक्यात, चूक वापरणाऱ्याची.

‘वापरणाऱ्याची चूक’ हा शब्द ऐकला की मला दुसऱ्या महायुद्धातली विमानं आठवतात. अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं धावपट्टीवर सुखरूप उतरायची आणि मग वैमानिक भलताच खटका ओढून चाकं आत घ्यायचा. विमान पोटावर बसायचं. नोंद व्हायची, ‘वैमानिकाची चूक’. अल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं, तर चाकांचा आणि पंखांच्या झडपांचा खटका शेजारी शेजारी, दिसायला आणि हाताला अगदी सारखे. त्याने चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक लावलं आणि झडपांच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. मग अंधारातही हाताला कळू लागलं आपण काय धरलंय ते. वैमानिक तेच राहिले, चूक मात्र गेली.

हाच चॅपॅनिस पुढे स्वयंपाकघरात आला. चार बर्नर चौकोनात आणि त्यांची चार बटणं एका ओळीत, हे दृश्य आपल्याही ओळखीचं आहे. कुठलं बटण मागच्या डाव्या बर्नरचं? १९५९ मध्ये चॅपॅनिस आणि लिंडेनबाउम यांनी शेगडीच्या चार वेगवेगळ्या मांडण्या करून लोकांना झटपट योग्य बटण दाबायला सांगितलं. बर्नर चौकोनात असलेल्या तिन्ही मांडण्यांत लोक चुकत राहिले. ज्या मांडणीत मागचे बर्नर थोडे सरकवून ठेवले होते, म्हणजे डावीकडून उजवीकडे चारही बर्नर बटणांच्याच क्रमाने येत होते, तिथे एकही चूक झाली नाही. या प्रयोगाला साठाहून अधिक वर्षं झाली. तरी चार बर्नरची नवी शेगडी घेतलेल्या घरात पहिला महिनाभर दूध एका बर्नरवर आणि बटण दुसऱ्याचं हा खेळ चालतोच.

हे सांगायचं कारण असं की गॅसचं साधं बटण फार हुशार आहे आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. आत दाबून फिरवल्याशिवाय ते सुटत नाही, त्यामुळे पदर अडकून किंवा फडका लागून गॅस सहसा चालू होत नाही. ते फिरवणारा माणूस ओट्यापाशी उभा असतोच, कारण बटणच ओट्यावर आहे. ज्योत दिसते, धग लागते, आवाज येतो. भात उतू जाऊ लागला की विचार न करता हात जातो तो बटणाकडे. बटण, हात, डोळा आणि आच हे सगळं दोन फुटांच्या आत.

अ‍ॅप या चौकडीतून बटण उचलतं आणि खिशात ठेवतं. सोय मोठी आहे, नाही म्हणत नाही. ऑफिसातून निघताना ओव्हन तापत ठेवता येतो. पण बटणासोबत फुकट मिळणाऱ्या बाकीच्या गोष्टी मागे राहतात: माणूस तिथे असल्याची खात्री, झालं की नाही हे दिसणं, चुकल्यावर लगेच सुधारता येणं. स्मार्ट उपकरणाचं अ‍ॅप आखणं म्हणजे मुख्यतः या हरवलेल्या गोष्टी एकेक करून परत आणणं. रंग आणि चित्रं नंतर.

‘झालं की नाही’ हेच घ्या. फोनवरच्या ‘चालू’ला बोट लागलं की आज्ञा बहुतेक वेळा थेट ओव्हनकडे जात नाही. ती घरातल्या राउटरमधून कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर जाते, तिथून परत त्याच राउटरमार्गे शेजारच्या खोलीतल्या ओव्हनपर्यंत येते, आणि ‘पोचलं’ हा निरोप पुन्हा उलट्या वाटेने फिरतो. दहा पावलांवरच्या ओव्हनसाठी कदाचित समुद्रापलीकडची वारी. एरवी याला सेकंदभर लागतो, नेट रुसलं की दहा सेकंदही. त्यात अशा उपकरणांमधल्या वाय-फाय चिप अनेकदा फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच बोलतात, आणि मायक्रोवेव्ह नेमक्या २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतो. त्यातून थोडी गळती होतेच. दूध गरम करायला ठेवलं की शेजारच्या उपकरणाचं वाय-फाय अडखळतं, ते यामुळे.

माणसाची सहनशक्ती मात्र ठरलेली आहे. संगणकाशी वागताना सेकंदाचा दहावा भाग म्हणजे ‘लगेच’, एक सेकंदापर्यंत विचाराची लय टिकते, आणि दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं, असे ढोबळ आकडे संगणक वापरायला सोपे कसे करावेत याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडले. आजही आखणी करणारे तेच वापरतात. तीन सेकंद काही हाललं नाही की माणूस काय करतो? पुन्हा दाबतो. आणि इथे एक खोडी लपलेली असते.

जिन्यातल्या दिव्याचं बटण आठवा, खाली एक आणि वर एक. दोन्हींचा अर्थ ‘आहे त्याच्या उलट कर’ एवढाच. बटणाकडे बघून दिवा चालू आहे की बंद ते कळत नाही, दिवाच बघावा लागतो. अ‍ॅपमधलं बटण जर या जातीचं असेल, तर पहिल्या दाबाने ओव्हन चालू होतो आणि उतावीळपणे दिलेल्या दुसऱ्या दाबाने बंद. मालक निर्धास्त, ओव्हन गार. बंद करताना हेच झालं तर उलट, आणि ते जास्त वाईट. म्हणून शहाणं अ‍ॅप ‘उलट कर’ असं कधी सांगत नाही. ते सांगतं, ‘१८० अंशांवर चालू राहा’. ही आज्ञा एकदा गेली काय आणि पाचदा गेली काय, परिणाम एकच. शिवाय पडद्यावर ‘पाठवलं’, ‘ओव्हनला मिळालं’ आणि ‘तापतोय, आत्ता ६२ अंश’ या तीन वेगळ्या अवस्था दिसायला हव्यात. कित्येक अ‍ॅप पहिल्याच अवस्थेला हिरवी खूण दाखवून मोकळी होतात. हे मला खोटं बोलण्याइतकंच वाईट वाटतं.

आता हात. फोनच्या काचेखाली पारदर्शक वाहकाची बारीक जाळी असते आणि तिच्यावर सतत थोडा विद्युतभार खेळवलेला असतो. आपलं शरीर वीजवाहक असल्यामुळे बोट जवळ आलं की त्या जागचा भार किंचित बदलतो आणि फोनला कळतं, इथे बोट आहे. कणीक मळताना बोटावर बसलेला कोरड्या पिठाचा थर वीज वाहत नाही आणि बोटाला काचेपासून दूरही ठेवतो. तेलाचंही तेच. पाण्याचा थेंब उलट वागतो: तो वाहक, म्हणून फोनला कधी थेंबच बोट वाटतो, तर कधी ओल्या बोटाचा ठसा पसरून शेजारचं बटण दाबलं जातं. थोडक्यात, स्वयंपाक करणाऱ्या माणसाचे हात हे या पडद्याला सगळ्यात न मानवणारे हात आहेत.

त्यात एका हातात सांडशी असते, म्हणजे फोन दुसऱ्या हातात आणि काम अंगठ्यावर. एका हाताने फोन धरून अंगठ्याने दाबायचं तर बटण केवढं हवं, हे २००६ मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजलं होतं. एकेकटं बटण दाबायला सुमारे ९.२ मिलिमीटर पुरे, असं त्यांना आढळलं. साधारण करंगळीच्या नखाएवढं. पण ते कोरडे, शांत अंगठे होते. फोडणी तडतडत असताना नेम इतका चांगला लागत नाही, तेव्हा ओट्याजवळ वापरायच्या पडद्यावर बटणं याहून बरीच मोठी हवीत आणि ‘थांबव’ सगळ्यांत मोठं.

हे सगळं कागदावर ठरवता येतं. खरी गंमत माणसं समोर आली की सुरू होते.

अ‍ॅप खऱ्या माणसांच्या हाती द्यायचं आणि ती कुठे अडतात ते बघायचं, अशा चाचणीसाठी किती माणसं लागतात? हजार नव्हेत. नील्सन आणि लँडाउअर यांच्या १९९३ च्या हिशेबात एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो. म्हणजे ६९ टक्के लपलेल्या राहतात. दुसरा माणूस त्या ६९चे ३१ टक्के उघड करतो, आणि असं करत पाचव्या माणसानंतर १५-१६ टक्केच उरतात. यावरून ‘पाच माणसं पुरेत’ हा नियम जगभर पसरला. लॉरा फॉकनर यांनी २००३ मध्ये साठ जणांची चाचणी घेऊन त्यांतून वाटेल तसे पाच-पाचचे गट उचलून पाहिले, तेव्हा सरासरी तेवढीच निघाली, पण एखाद्या गटाला जेमतेम ५५ टक्के अडचणी सापडल्या. म्हणून माझा प्रश्न ‘किती’ असा नसतो, ‘कोण’ असा असतो. कंपनीतलेच पाच तरुण इंजिनिअर, पाचही जण कोरड्या हातांचे, म्हणजे चाचणी झालीच नाही असं समजावं.

आणि प्रश्न विचारायचा कसा, यातही मेख आहे. ‘प्रीहीट करून दाखवा’ म्हटलं की माणूस पडद्यावर ‘प्रीहीट’ हा शब्द शोधून त्यावर बोट ठेवतो. ती वाचनाची परीक्षा झाली. ‘पाहुणे सातला येणार आहेत, तेव्हा बटाटे गरमागरम वाढायचेत’ असं म्हणावं आणि गप्प बसावं. गप्प बसणं सर्वांत अवघड. समोरचा अडला की आपला हात शिवशिवतो. चाचणी देणाऱ्याला मोठ्याने विचार करत काम करायला सांगायची पद्धत १९८०च्या दशकात आयबीएममधल्या क्लेटन लुइस यांनी अशा चाचण्यांत रुजवली. ‘आता हे काय आलं? मी मागे जाते’ अशी बडबड म्हणजे सोनं.

शब्दांचा घोळ तर विचारूच नका. आपल्याकडे आच ‘मंद’, ‘मध्यम’ आणि ‘मोठी’ असते, कुकरला ‘तीन शिट्ट्या’ असतात, मीठ ‘अंदाजाने’. मंद आच म्हणजे अमुक अंश असं भाषांतर करणारं अ‍ॅप चुकतं, कारण आच म्हणजे दर क्षणाला भांड्यात जाणारी उष्णता. इंडक्शनवर ती वॅटमध्ये मोजतात. तेवढ्याच मंद आचेवर लोखंडी तवा खूप तापतो आणि पाण्याचं पातेलं शंभर अंशांच्या पुढे जात नाही. ‘मंद’ या शब्दामागचं भौतिकशास्त्र बायकांना पिढ्यान्‌पिढ्या हाताने माहीत आहे. अ‍ॅप बनवणाऱ्यांना ते शिकावं लागतं.

जून ओव्हनचं पुढे काय झालं? दुरून तापवण्याची सोय बंद ठेवता येईल आणि आत पदार्थ आहे की नाही हे ओव्हन स्वतः बघेल, असे बदल करू, असं कंपनीने जाहीर केलं. काही युरोपीय उत्पादकांनी दुसरा मार्ग घेतला आहे. त्यांच्या ओव्हनवर ‘दुरून चालू’चं एक खरंखुरं बटण असतं. आधी माणसाने ओव्हनपाशी जाऊन ते दाबायचं, तरच फोनवरून ओव्हन चालू होतो. दाबल्यावर काही वेळाने पुन्हा दार उघडलं की परवानगी रद्द, कारण आत कोणी काय ठेवलं ते आता फोनला ठाऊक नाही. सोयीला थोडी कात्री लागते. मला हा मार्ग जास्त पटतो.

गेल्या दिवाळीत मावशीकडे नवा स्मार्ट ओव्हन आला. मी तिच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, “मावशी, सहा वाजता नानकटाई भाजायला टाकायचीय असं समज. तू काय करशील? मी काही सांगणार नाही.” हॉलमध्ये सोफ्यावर बसून तिने चष्मा लावला, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर ठिकाणी पोचली, तापमान लावलं आणि ‘सुरू करा’ दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली. मी मनातल्या मनात तिला पूर्ण गुण दिले.

तिने फोन सोफ्यावर ठेवला, उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

“कुठे चाललीस?”

“अरे, लागलाय का खरंच ते बघून येते.”