आईबाबांच्या कामावर जाण्याची पार्श्वभूमी

आईसोबत मी पहिल्यांदा तिच्या कामावर गेले, कारण त्या दिवशी मला सांभाळायला घरी कुणी नव्हतं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. भिंतभर बोर्ड, त्यावर लुकलुकणारे दिवे, एका भोकातून काढून दुसऱ्यात खुपसायच्या वायरी आणि कानाला हेडफोन लावून ओळीने बसलेल्या बायका. एका स्टुलावर मला बसवलं होतं, हात मांडीवर ठेवून. आईचा आवाज ऐकू येत होता, पण तो घरातला नव्हता. घरी ती निम्मी वाक्यं अर्धवट सोडायची; इथे एकेक आकडा सुटा, स्वच्छ म्हणत होती. शेजारच्या बाईंनी तिला आडनावाने हाक मारली आणि तिने सहज ‘ओ’ दिली, तेव्हा मी चक्क दचकले. आईला आपल्यावाचूनही एक जग आहे, हे मला त्या क्षणी कळलं.

असा एखादा दिवस पुष्कळांच्या आठवणीत असतो. मात्र ‘आईबाबांच्या कामावर जाणं’ ही गोष्ट माणसाच्या इतिहासात तशी अलीकडची आहे. त्याआधी जायचं कुठे, हाच प्रश्न होता. शेत, माग, चाक, भट्टी सगळं घरात नाहीतर घराला लागून. मूल रांगता रांगता कामात यायचं. ‘बापाच्या हाताखाली तयार झाला’ असं आपण अजूनही म्हणतो, त्यातलं ‘हाताखाली’ एके काळी अक्षरशः खरं होतं. इंग्लंडमधल्या विणकरांच्या घरात लहान मुलं लोकर पिंजायची, कांड्या भरायची.

ही घडी मोडली ती गिरण्यांनी. रिचर्ड आर्कराइटने 1771 मध्ये इंग्लंडमधल्या क्रॉमफर्ड गावी पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारली, कामगारांसाठी घरं बांधली आणि पुष्कळ मुलं असलेली कुटुंबं मुद्दाम बोलावून घेतली. म्हणजे काम घराबाहेर पडलं तेव्हा मुलंही त्याच्यासोबत बाहेर पडली. कोळशाच्या खाणीत तर बाप कोळसा फोडायचा आणि त्याचीच मुलं भरलेल्या गाड्या ओढायची. त्याहून लहान मुलं हवा खेळती ठेवणारी दारं उघडझाप करत तासन्‌तास अंधारात बसायची. ब्रिटिश सरकारच्या चौकशी आयोगाचा अहवाल 1842 मध्ये चित्रांसह छापला गेला आणि लोक हादरले. त्याच वर्षी दहा वर्षांखालच्या मुलग्यांना आणि सगळ्या बायका-मुलींना जमिनीखाली काम करायला बंदी झाली. त्याआधी 1833 च्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना कापडगिरण्यांत मनाई केली होती. रेशमाच्या गिरण्या तेवढ्या वगळल्या होत्या आणि देखरेखीला अख्ख्या देशात निरीक्षक होते चार!

सोबत जाणं कुठे संपतं आणि राबणं कुठे सुरू होतं, ही या इतिहासातली सगळ्यात अवघड जागा आहे. अमेरिकेत लुईस हाइन 1908 पासून बालमजुरीविरोधी समितीसाठी फोटो काढत हिंडला. त्याच्या फोटोंत घरच्यांचे जेवणाचे डबे घेऊन गिरणीच्या फाटकाशी उभी असलेली मुलं दिसतात. डबा पोचवायला आत जायचं, तिथेच यंत्राला हात लावायचा, बघता बघता काम शिकायचं. पगाराच्या वहीत नाव नाही, म्हणजे कामगार नाही. हे फोटो पाहताना माझं लक्ष सारखं त्या डब्यांकडे जातं. आईला डबा द्यायला जाणं किती निरागस वाटतं, आणि तिथूनच ती मुलं आत ओढली गेली.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1919 साली आपल्या पहिल्याच परिषदेत उद्योगधंद्यांसाठी किमान वय 14 ठरवलं, तेव्हाही एक दार उघडं राहिलं. जिथे फक्त एकाच कुटुंबातली माणसं काम करतात, तो उद्योग या नियमातून वगळला. आईबापांच्या नजरेखाली मूल सुरक्षित असतं, हा समज कायद्यालाही सोडवला नव्हता. खाणींनी तो किती खोटा ठरवला होता, हे आठवलं की मला राग येतो.

कायद्याने कारखान्याचं फाटक बंद केलं, सक्तीच्या शाळेने दिवस व्यापला. हे व्हायलाच हवं होतं. पण शाळेच्या वयाआधीचं मूल कुणी सांभाळायचं, हे आईवरच राहिलं. भारतात 1948 च्या कारखाने कायद्याने पन्नासाहून जास्त बायका कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. 1976 मध्ये हा आकडा तीसवर आला. बांधकामावर मात्र मुलं वाळूच्या ढिगाशीच असायची. 1969 मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत कामाच्या जागेवरच पाळणाघर सुरू केलं, त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली.

सगळ्यात शेवटी आला तो हौसेचा दिवस. अमेरिकेत 1993 मध्ये ‘मिस फाउंडेशन फॉर विमेन’ने मुलींना कामावर नेण्याचा दिवस सुरू केला. वयात येताना मुलींचा आत्मविश्वास खचतो, त्यांना मोठेपणीच्या वाटा दिसाव्यात, हा हेतू. 2003 पासून त्यात मुलग्यांनाही घेतलं. ज्या फाटकातून मुलांना बाहेर काढायला शंभर वर्षं लागली, तिथेच आता त्यांना पाहुणे म्हणून एका दिवसासाठी बोलावणं आलं. मजूर म्हणून आत जावं लागत नव्हतं, म्हणूनच पाहुणं म्हणून जाण्यात मजा होती.

2020 मध्ये टाळेबंदीत असंख्य घरांत काम परत आलं. त्याला भट्टीची धग नव्हती, मागाचा खटखटाट नव्हता. दिसायला फक्त संगणकाचा पडदा होता, त्यामुळे आई नेमकं काय करते हे मुलाला तसं कळत नव्हतंच. बंद दाराआडून तिचा आवाज तेवढा यायचा, एकेक शब्द सुटा, स्वच्छ.