डायथर्मीचा शेक घेण्याआधी हे वाचा

गुडघेदुखी, कंबरदुखी किंवा आखडलेला खांदा घेऊन आमच्याकडे फिजिओथेरपीसाठी येणाऱ्यांच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा ‘एसडब्ल्यूडी’ लिहिलेलं असतं. म्हणजे शॉर्टवेव्ह डायथर्मी, अर्थात मशीनचा शेक.

गरम पाण्याच्या पिशवीची ऊब बहुतेक कातडीतच राहते. डायथर्मीत २७.१२ मेगाहर्ट्झच्या विद्युतचुंबकीय लहरी शरीरात शिरतात, तिथले पाण्याचे रेणू आणि क्षारांचे कण सेकंदाला कोट्यवधी वेळा मागेपुढे होतात आणि उष्णता आत, स्नायूंमध्येच तयार होते. रक्ताभिसरण वाढतं, आखडलेपण सैल होतं, दुखणं हलकं वाटतं. या लहरी रेडिओच्या जातीच्या आहेत. एक्स-रेसारखे किरण यात नसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मशीनवरचा आकडा मशीनच्या ताकदीचा असतो, तुमच्या गुडघ्याच्या आतल्या तापमानाचा नव्हे. ते फक्त तुम्हालाच कळतं. हवी असते ती सुखावणारी, सौम्य ऊब. ‘चांगला कडक शेक बसला तरच गुण येतो’ असं समजून बरेच जण दात आवळून बसतात, विशेषतः ज्येष्ठ मंडळी. कृपया तसं करू नका. चटका जाणवला, एका जागी टोचल्यासारखं झालं, तर त्याच क्षणी हाक मारा. ताकद कमी करायला आम्हाला एक सेकंद लागतो; आतून भाजलेलं मात्र लवकर भरून येत नाही.

म्हणूनच पहिल्या दिवशी आम्ही एका नळीत गरम आणि दुसरीत गार पाणी घेऊन तुमच्या कातडीला लावतो आणि डोळे मिटून ओळखायला सांगतो. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना हा फरक कधी कधी कळत नाही. अशांना हा शेक आम्ही देत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

शेक साधारण १५ ते २० मिनिटांचा असतो. धातूभोवती उष्णता एकवटते, म्हणून तुम्हाला लाकडी खाटेवर किंवा खुर्चीवर बसवतो. बांगड्या, पैंजण, जोडवी, कंबरपट्टा, किल्ल्या, मोबाइल, कानाचं मशीन, सगळं बाजूला काढून ठेवा. मंगळसूत्र काढायला काहींना जड जातं, पण मानेचा किंवा खांद्याचा शेक असेल तर ते काढावंच लागतं. घामही नीट टिपून घेतो. घामाचा थेंबही चटक्याला पुरतो. मशीनचं पॅड आणि अंग यांच्यामधला कोरडा टॉवेल सरकवू नका, वायरींना हात लावू नका.

पेसमेकर असेल तर डायथर्मीच्या खोलीतसुद्धा येऊ नका. गरोदरपण, कॅन्सर, शिरेत रक्ताची गुठळी, शरीरात बसवलेली प्लेट, रॉड, स्क्रू किंवा कृत्रिम सांधा, तांबी, यांपैकी काहीही असल्यास आधी सांगा. पाळी चुकली असेल तरी सांगा, संकोच नको. नुकताच मुरगळलेला, सुजून लाल झालेला घोटाही यासाठी नव्हे.

आणखी एक स्पष्ट सांगतो. शेकाने मिळणारा आराम तात्पुरता असतो. त्या आरामात जो व्यायाम होतो, त्यानेच गुडघ्याला बळ येतं. शेक घेऊन व्यायाम न करता घरी जाणं आम्हाला पटत नाही, म्हणून व्यायामासाठी वेळ राखूनच या. आणि पूर्वी हाडाचं ऑपरेशन झालं असेल, तर डिस्चार्ज कार्ड आणि जुने एक्स-रे पहिल्याच दिवशी सोबत आणा.