गाणी बदलण्याआधी : कोकणपट्टीवरचा रेडिओ आणि फॉरमॅटचा प्रवास

ऐकणारे घटले, जाहिराती आटल्या, की स्टेशनच्या बैठकीत पहिला विषय गाण्यांचा निघतो. जुनी लावा, नवी हिंदी लावा, नाहीतर सगळं मराठी करा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडमधल्या छोट्या स्टेशनांना हा प्रश्न दर दोन-चार वर्षांनी पडतोच. फॉरमॅट, म्हणजे कुठली गाणी कधी आणि किती वेळा लावायची याचा ठरलेला साचा, ही कल्पनाच मुळात पडत्या काळातल्या स्टेशनांनी शोधली आहे. ती कुठे आणि कशासाठी निघाली हे ठाऊक नसेल, तर तिचा चुकीचा अर्धा भाग उचलला जातो.

अमेरिकेत १९५०च्या आसपास टेलिव्हिजनने रेडिओचा संध्याकाळचा श्रोता पळवला. नाटकं, विनोदी मालिका, मोठे वाद्यवृंद सगळे पडद्यावर गेले आणि छोट्या स्टेशनांच्या हाती उरल्या तबकड्या. नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात केओडब्ल्यूएच नावाचं स्टेशन होतं. तिथे टॉड स्टॉर्झ आणि बिल स्टुअर्ट यांनी मोजकी, लोकांनी आधीच पसंत केलेली गाणी दिवसभर फिरवायला सुरुवात केली. ज्यूकबॉक्समध्ये पैसे टाकणारी माणसं शेकडो गाणी समोर असताना तीच ती लावतात, हे त्यांनी पाहिलं होतं असं सांगितलं जातं. यातूनच ‘टॉप ४०’ निघालं. डॅलसमध्ये गॉर्डन मॅक्लेंडन यांनी त्याला जिंगल आणि बातम्यांची जोड दिली. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या केएचजे स्टेशनवर बिल ड्रेक यांनी निवेदकाची बडबड छाटून, यादी आखडून तेच सूत्र आणखी घट्ट केलं.

त्यामागचं कारण साधं होतं. श्रोता आता तासभर बसून ऐकत नव्हता. गाडीत वीस मिनिटं, स्वयंपाकघरात अर्धा तास, असा तो तुकड्यातुकड्याने येई. त्या वीस मिनिटांत ओळखीचं एक तरी गाणं त्याच्या कानावर पडायला हवं, म्हणून पुनरावृत्ती आली. फॉरमॅटचा हा भाग कुठेही चालतो, मालवणातही चालतो.

दुसरा भाग मात्र सगळीकडे चालत नाही. १९६४ मध्ये अमेरिकी नियामकाने मोठ्या शहरांतल्या एफएम स्टेशनांवर बंधन घातलं, की मध्यमलहरीवरचा (एएम) कार्यक्रम निम्म्याहून जास्त वेळ जसाच्या तसा एफएमवर लावायचा नाही. वेगळं काहीतरी देणं भाग पडलं आणि अल्बम रॉक, जुनी गाणी, प्रौढांसाठी संथ गाणी असे एकेका वयोगटाचे बारीक फॉरमॅट फुटत गेले. एका शहरात वीस स्टेशनं असली की एकाने फक्त तिशीतल्या बायकांसाठी गाणी लावली तरी चालतं, बाकीचे श्रोते उरलेल्या एकोणिसांत वाटले जातात. ज्या तालुक्यात एकच स्थानिक स्टेशन लागतं, तिथे असा एकसुरी फॉरमॅट म्हणजे उरलेल्या सगळ्यांना आपणहून ‘बंद करा’ असं सांगणं.

आपल्याकडे गोष्ट उलट्या टोकाने सुरू झाली. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्राचं उद्घाटन झालं तेव्हापासून इथला रेडिओ वेळेच्या खणांत मांडलेला होता : सकाळी भक्तिगीतं, मग बातम्या, दुपारी महिलांसाठी, संध्याकाळी शेतकरी आणि कामगार, रात्री शास्त्रीय संगीत. काय आवडतं यापेक्षा काय ऐकवावं याला वजन होतं. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि चित्रपटसंगीत आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झालं. श्रोत्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे वळवला. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे अमीन सयानी यांच्या आवाजात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि पुढे तिच्यात गाण्यांची क्रमवारी, म्हणजे ‘पायदान’, आली. ओमाहात जे घडलं तेच कोलंबोहून लघुलहरींवर घडलं. आकाशवाणीने त्याला उत्तर दिलं ते ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून. १९६७ मध्ये तिच्यावर जाहिराती आल्या.

त्या खणांच्या पद्धतीला जुनाट म्हणून मोडीत काढणं ही चूक आहे. पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ पासून गीतरामायण दिलं तेव्हा आठवड्याला एकच नवं गीत असे आणि तेच गीत पुन्हा वाजवलं जाई. ठरलेली वेळ आणि पुनरावृत्ती या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र होत्या. कोकणातल्या स्टेशनला नेमकी हीच सांगड हवी आहे : दिवसाचे खण आकाशवाणीसारखे आणि प्रत्येक खणाच्या आतली फिरत, म्हणजे गाणी आलटूनपालटून लावण्याची रीत, टॉप ४० सारखी कडक.

रत्नागिरीचं आकाशवाणी केंद्र १९७७ मध्ये सुरू झालं, तेही मध्यमलहरीवर. मध्यमलहर जमिनीला चिकटून पुढे जाते आणि खाऱ्या पाण्यावरून तर जमिनीपेक्षा कितीतरी कमी क्षीण होते, त्यामुळे होडीवरच्या ट्रान्झिस्टरवर केंद्र मिळे. पण या पट्ट्यात दोन केंद्रांमध्ये अंतर ९ किलोहर्ट्झचं. आवाजाला मिळते साधारण साडेचार किलोहर्ट्झची जागा. पेटी, गळा आणि बोलणं यात छान बसतं, झांजेची किणकिण मात्र गळून पडते. मध्यमलहरीवर भजन आणि भावगीत इतकं शोभून दिसे, त्याला आवडीइतकंच हे तांत्रिक कारणही होतं.

मग एफएम आलं. १९९३ मध्ये आकाशवाणीच्या एफएमवर खाजगी कंपन्यांना वेळ विकायला सुरुवात झाली आणि २००१ मध्ये बंगळुरूला पहिलं खाजगी एफएम सुरू झालं. पहिल्या टप्प्यातली परवाना फी ठरीव होती आणि दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत होती. बातम्यांना बंदी होती. खर्च वाढता आणि बोलायला विषय थोडे, म्हणून सगळ्यांनी एकाच मोठ्या श्रोतृवर्गामागे धाव घेतली : नवी हिंदी चित्रपटगीतं. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात फीऐवजी उत्पन्नातला ४ टक्के वाटा आला, पण सवय गेली नाही. मुंबईचा साचा हळूहळू सगळ्यांचाच ‘रेडिओचा आवाज’ ठरला. आज कोकणातलं स्टेशन तीच यादी लावतं तेव्हा त्याची स्पर्धा मोबाइलमधल्या गाण्यांशी होते, आणि तिथे ते हरणारच. मोबाइलमध्ये तीच गाणी जाहिरातीशिवाय आणि हव्या त्या क्रमाने मिळतात.

समुदाय रेडिओचा मार्ग वेगळा. २००२ मध्ये तो शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या अखेरीस स्वयंसेवी संस्थांना खुला झाला. प्रसारणशक्ती १०० वॅट, मनोरा ३० मीटरपर्यंत, किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक सहभागातून, भाषा शक्यतो तिथली बोली. जाहिरातींची मर्यादा २०२४ मध्ये तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटांवर गेली. या अटींना ओझं मानणारे चुकतात. मालवणी, संगमेश्वरी किंवा आगरी बोलीतला निवेदक आणि गावातला भजनी बुवा, ही एकच गोष्ट अशी आहे की जी मोबाइलमधून फुकट मिळत नाही.

पण फॉरमॅटला हात लावण्याआधी लहर तपासावी. एफएम जवळजवळ सरळ रेषेत जातं. ३० मीटरच्या मनोऱ्यावरून सपाट प्रदेशात रेडिओ-क्षितिज सुमारे २२ किलोमीटरवर येतं, पण कोकण सपाट नाही. वस्ती खाडीकाठी आणि खोऱ्यांत, मध्ये कातळाचे सडे, म्हणजे उंच सपाट पठारं. सड्याच्या मागची वाडी पाच किलोमीटरवर असूनही कोरडी राहते. तिला कुठलाही फॉरमॅट परत आणू शकत नाही. मनोरा सड्याच्या वस्तीकडच्या कडेला हवा. तो मध्यभागी उभा केला की सड्याची कडाच खालच्या वाडीला झाकते.

दुसरा शत्रू खारा वारा. अँटेनाच्या केबलच्या जोडांत मीठ आणि पावसाचं पाणी शिरतं, गंज धरतो आणि शक्ती अँटेनातून बाहेर पडण्याऐवजी परत फिरते. ट्रान्समीटरच्या पॅनलवर पुढे जाणारी आणि परतणारी अशी दोन्ही शक्ती दिसते. ५० वॅटवर परतणारी २ वॅटपेक्षा जास्त दिसू लागली (एसडब्ल्यूआर, म्हणजे परतणाऱ्या शक्तीवरून निघणारं माप, १.५ च्या वर), की जोड उघडून पाहायचे. दुर्लक्ष झालं तर यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी करतं. शक्ती निम्मी झाली की मोकळ्या जागेतला पल्लाही सुमारे ७० टक्क्यांवर येतो. हे पावसाळ्यात घडतं, ऐकणारे गळतात आणि दोष गाण्यांवर येतो. पावसाआधी मे महिन्यात आणि मग गणपतीआधी, असे दोनदा जोड साफ करून नव्याने रबरी टेप लावावी. ही टेप ताणून आणि खालून वर गुंडाळावी, म्हणजे पाणी कौलांवरून उतरावं तसं घसरतं.

आता फिरत. एका तासातून जाहिराती आणि बोलणं वजा केलं की साडेचार मिनिटांच्या हिशेबाने नऊ-दहा गाणी उरतात. त्यातली चार ‘अ’ गटाची, म्हणजे सध्या सगळ्यांच्या तोंडी असलेली. तीन ‘ब’ गटाची, म्हणजे ओळखीची पण थोडी मागची. उरलेली स्थानिक आणि जुनी. ‘अ’ गटात गाणी किती, यात बहुतेक स्टेशनं घसरतात. समजा स्टेशन रोज १६ तास चालतं. तासाला चार म्हणजे ‘अ’ गटाच्या दिवसाला ६४ जागा. गटात ३२ गाणी ठेवली तर ६४ ला ती बरोबर दोनदा बसतात आणि प्रत्येक गाणं रोज त्याच दोन वेळांना वाजतं. सकाळी नऊला दुकान उघडणारा माणूस महिनाभर तेच ऐकतो आणि ‘यांच्याकडे एकच गाणं आहे’ म्हणून काटा फिरवतो. गाणी २९ ठेवली की ६४ ला दोन फेऱ्या होऊन ६ जागा उरतात, त्यामुळे गाणं रोज दीड तासाने सरकतं. परत यायला सव्वासात तास लागतात. म्हणून गटातल्या गाण्यांच्या आकड्याने दिवसाच्या जागांना भागून पाहायचं आणि बाकी शून्य येत असेल तर एक-दोन गाणी कमी-जास्त करायची. हा हिशेब आज संगणक करतो, पण गटाचा आकार माणूसच ठरवतो.

खण मात्र इथल्या दिवसाप्रमाणे पाडायला हवेत. मुंबईचा ‘ऑफिसला जातानाचा’ आठ ते अकराचा सकाळखण इथे अर्धा वाया जातो. बंदरावरचं घर पहाटे चारला जागं असतं. बागायतदाराचं घर सहाला. मार्च ते मे आंब्याच्या पेट्या भरायचं काम रात्रीपर्यंत चालतं आणि हात गुंतलेले असताना कान मोकळे असतात, म्हणजे त्या तीन महिन्यांत रात्री आठ ते अकरा हा सगळ्यात मोलाचा खण. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा पहाटेचा खण ओस पडतो आणि दुपारचा भरतो. एकच वेळापत्रक वर्षभर चालवणं हेच पुष्कळ ठिकाणी पडझडीचं मूळ आहे.

स्थानिक संगीत लावायचं ठरलं की वेगळ्या अडचणी येतात. डबलबारीतला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यातला, एक गजर पंधरा-वीस मिनिटं सहज चालतो. जाखडी नाचात शक्ती आणि तुरा या दोन पक्षांपैकी एकाचा सवाल एका फेरीत आणि दुसऱ्याचा जवाब दुसऱ्या फेरीत. साडेचार मिनिटांच्या तासात हे कोंबलं की मधेच कापलं जातं आणि जाणकार श्रोता दुखावतो. डबलबारी, दशावतारातली पदं, नमन यांना आठवड्यातून ठरलेला अर्धा-पाऊण तासाचा खण द्यावा आणि दिवसभराच्या फिरतीसाठी त्याच बुवांकडून तीन-चार मिनिटांचे अभंग आणि गौळणी स्वतंत्र ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. मंडपातलं मोबाइलवरचं मुद्रण लावू नये. एफएममध्ये प्रसारणापूर्वी उंच स्वर मुद्दाम वाढवले जातात. त्यामुळे झांज वाजली की लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीवर रोखणारं यंत्र, तिला आवरायला सगळाच आवाज खाली दाबतो आणि बुवांचे शब्द बुडतात. झांजवाल्याला मायक्रोफोनपासून दीड-दोन मीटर मागे आणि बाजूला बसवावं, मृदंगाला वेगळा मायक्रोफोन द्यावा. बुवा, कवी आणि साथीदार या तिघांचीही लेखी संमती घ्यावी. बुवांनी हो म्हटलं म्हणजे कवीचा हक्क मिळाला असं होत नाही.

बदल लागू पडला का, हे कसं कळणार? महानगरांत २००७ पासून श्रोत्यांच्या नोंदवह्यांवर आधारित मोजणी आली, छोट्या गावांना ती कधीच मिळाली नाही. म्हणून स्टेशनं फर्माइशीच्या फोनवर विसंबतात, आणि तिथेच फसतात. फोन करणारी तीच वीस-तीस माणसं असतात. त्यांची आवड आणि न बोलता ऐकणाऱ्यांची आवड वेगळी असते. त्याऐवजी वीस ठिकाणं ठरवावीत : एसटी स्टँडवरची टपरी, सलून, शिंप्याचं दुकान, रिक्षाथांबा, जेटी, पॅकिंगची शेड, पिठाची गिरण. आठवड्यातले तेच तीन दिवस, त्याच तीन वेळा, तिथे रेडिओ चालू आहे का आणि कुठलं स्टेशन लागलंय, एवढंच लिहून आणायचं. बदलाआधी चार आठवडे आणि बदलानंतर किमान बारा. पहिल्या तीन आठवड्यांतले आकडे धरू नयेत. जुने श्रोते त्या काळात आधी जातात आणि नवे उशिरा येतात.

मुहूर्त गणपतीचा धरू नये. त्या दहा-बारा दिवसांत घरोघर चाकरमानी आलेले असतात, रेडिओ जास्त वाजतो, आकडा फुगतो आणि त्यांची एसटी परत निघाली की तो बसतो. शिमग्याचंही तेच. दिवाळी आटोपली की भातकापणी झालेली असते, होड्या दर्यात असतात, दशावताराच्या जत्रा सुरू होतात आणि गावात असतात ती वर्षभर गावात राहणारीच माणसं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नवं वेळापत्रक लावलं तर शिमग्याच्या पालख्या निघण्याआधी बारा आठवड्यांच्या स्वच्छ नोंदी हातात येतात, आणि आंब्याच्या रात्रीच्या खणात काय लावायचं ते त्यांच्यावरून ठरवता येतं.