सेव्ह केलेला वर्कस्पेस विस्कटतो कसा? फोटोशॉपच्या मांडणीची पार्श्वभूमी

फोटोशॉप, म्हणजे फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर. त्यात लेअर्स (चित्राचे एकावर एक थर) उजवीकडे, टूल्स डावीकडे, वर ऑप्शन्सची पट्टी. ही मांडणी डोळ्यांत बसलेला ऑपरेटर पॅनलकडे, म्हणजे कडेच्या या चौकटींकडे, बघतसुद्धा नाही, माउस आपसूक तिथं जातो. म्हणूनच कुणी ती हलवली की चिडचिड होते. दोन पाळ्यांत दोघं एकाच पीसीवर बसतात अशा दुकानात तर सकाळची सुरुवातच "कोणी इस्कटलं रे हे समदं?" अशी व्हायची. ही तक्रार जुनी असली तरी तिचं कारण मध्येच कधीतरी बदललं.

सुरुवातीचा काळ फार सांगण्यासारखा नाही. 1990 साली फोटोशॉप आलं ते फक्त मॅकवर. 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत लेअर्स आले आणि त्यांच्यासोबत एकाच डब्यात टॅब करून ठेवता येणाऱ्या पॅलेट्सही (पॅनल्सचं तेव्हाचं नाव). 2000 च्या सहाव्या आवृत्तीत वरच्या पट्टीच्या उजव्या टोकाला पॅलेट खोचून ठेवायची जागा मिळाली, पण तीही 800 बाय 600 वर चालणाऱ्या स्क्रीनवर दिसायची नाही. रिझोल्यूशन वाढवावं तर पंधरा इंची डबा मॉनिटरवर अक्षरं मुंगीएवढी व्हायची.

खरी गोष्ट 2002 च्या 7.0 पासून सुरू होते. मांडणी लावायची, तिला नाव द्यायचं आणि हवी तेव्हा मेनूतून परत बोलवायची, ही सोय त्या आवृत्तीत आली. अशा नाव देऊन ठेवलेल्या मांडणीला वर्कस्पेस म्हणतात. मी लातूरला गंजगोलाईजवळच्या ज्या फ्लेक्सच्या दुकानात शिकलो, तिथं नव्या आवृत्त्या येऊन जुन्या झाल्या तरी 7.0 च चालू होती. 256 एमबी रॅमवर ती निमूट चालायची, मग बदलतो कोण?

तिथंच 'वर्कस्पेस सेव्ह' या शब्दाचा घोळ पहिल्यांदा बघितला. शिवजयंतीच्या आदल्या रात्री नव्या पोरानं दहा बाय आठ फुटी बॅनर पडद्यावर तयार केला, मेनूतून सेव्ह वर्कस्पेस केलं, नाव दिलं आणि निर्धास्त चहाला गेला. तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली आणि यूपीएसची बॅटरी तर कधीचीच मेलेली. परत आल्यावर वर्कस्पेस जिथल्या तिथं होता, बॅनर मात्र गेला होता. वर्कस्पेसमध्ये राहते ती पॅलेटची जागा, फाइल नाही. पुढच्या आवृत्त्यांत कीबोर्ड शॉर्टकट आणि मेनूही त्यात धरता येऊ लागले, पण सेव्ह करताना त्यांच्यासमोरच्या खुणा स्वतः कराव्या लागतात. न केल्यास नाव तुमचं आणि शॉर्टकट दुसऱ्याचे, असा प्रकार होतो.

7.0 नंतर आवृत्त्यांना सीएस असं नाव आलं. 2007 च्या सीएस3 ने पॅलेट खोचायची ती जागा काढून टाकली, कडेला चिकटणारे डॉक, म्हणजे पॅलेट ठेवायचे कप्पे, आणले आणि टूल्सची दुपदरी पट्टी एकपदरी केली. वरच्या दुहेरी बाणावर क्लिक केलं की ती पुन्हा दुपदरी होते, हे कळेपर्यंत जुन्या मंडळींनी बरीच नाकं मुरडली. 2008 ला सीएस4 मध्ये उघडलेल्या फाइल्स टॅबमध्ये आल्या. पॅलेटला 'पॅनल' म्हणायचं हेही तेव्हाच ठरलं, पण आमच्याकडे अजून दोन्ही शब्द चालतात.

एवढं सगळं लोकांनी पचवलं. वाद झाला तो 2010 च्या सीएस5 मधल्या निर्णयावर, आणि तो वरवर पाहता अगदी किरकोळ होता. तोवर मेनूतून आपल्या वर्कस्पेसचं नाव निवडलं की सेव्ह केली होती तशीच मांडणी समोर यायची. नाव निवडणं हीच दुरुस्ती होती. सीएस5 पासून वर्कस्पेस 'जिवंत' झाला, म्हणजे काम करताना केलेला प्रत्येक फेरफार तो आपणहून लक्षात ठेवू लागला. आता नाव निवडल्यावर येते ती शेवटी जशी सोडली तशी मांडणी. मूळ मांडणी हवी असेल तर त्याच मेनूत वेगळं 'रिसेट' करावं लागतं.

ज्याचा लॅपटॉप एकट्याचा, त्याला हे सोयीचंच. अल्बमची 12 बाय 36 इंची पानं लावताना एखादं पॅनल मोठं केलं, तर उद्या ते मोठंच सापडतं. पण आमच्याकडे रात्रीचा ऑपरेटर स्वतःच्या नावावर न जाता सकाळवाल्याच्याच वर्कस्पेसमध्ये बसायचा आणि कटआउट करताना (फोटोतला माणूस मागच्या भागापासून कापून घेताना) अर्धी पॅनल्स बंद करून निघून जायचा. ती पडझड मग सकाळवाल्याच्या नावावर कायम. माझ्या मते हा निर्णय एका माणसाचा एक पीसी गृहीत धरून घेतला गेला. निदान 'रिसेट'चं बटण तरी डोळ्यांसमोर ठेवायचं होतं. कितीतरी जणांनी ते सापडेना म्हणून सुरू होताना कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट दाबून सगळ्या सेटिंग्जच उडवल्या. टॅब दाबल्यावर सगळी पॅनल्स लपतात हे माहीत नसल्यानं घाबरून रिसेट करणारेही होते, पण त्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही.

2012 च्या सीएस6 ने पडदा काळपट केला. त्याच वर्षी फोटोशॉपसारख्याच पण मोफत मिळणाऱ्या गिंप या सॉफ्टवेअरलाही 2.8 मध्ये तुकड्यातुकड्यांच्या खिडक्यांऐवजी एका खिडकीत काम करण्याची सोय मिळाली. 2015 ला फोटोशॉपमध्ये टूल्सची पट्टीही आपल्या हिशेबानं लावता येऊ लागली. 2018 च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत वर्कस्पेसला कुलूप घालायची सोय झाली, म्हणजे चुकून धक्का लागून पॅनल सरकत नाही. पण त्याच आवृत्तीनं कंट्रोल-झेडची, म्हणजे केलेलं मागे घ्यायच्या शॉर्टकटची, चाल बदलली आणि सगळी चर्चा तिकडं गेली, कुलपाकडं फारसं कुणी बघितलं नाही.

दुकानातल्या पीसीवर त्या मेनूत आज 'सकाळ', 'रात्र', 'अल्बम', 'अल्बम नवा' आणि 'अल्बम नवा 2' अशी रांग आहे. चालू असलेला वर्कस्पेस डिलीट होत नाही, आधी दुसऱ्यावर जावं लागतं. 'रात्र'वाला नोकरी सोडून पुण्याला गेला, पण सकाळवाला आता त्याच्याच वर्कस्पेसमध्ये बसतो, त्यामुळे तो काही डिलीट होत नाही.